केली बार्न्स धरण
केली बार्न्स धरण : अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील जॉर्जिया राज्यात, टकोआ शहराजवळ असलेले खाजगी मालकीचे मातीचे धरण. ६ नोव्हेंबर १९७७ रोजी ते फुटले. उंची सु. १२ मी., लांबी सु. १२२ मी. व माथ्याची रुंदी सु. ६ मी.

लाकडी चौकटीत दगड भरून येथे १८९९ मध्ये बांध घालण्यात आला होता. टकोआ फॉल्स येथील धार्मिक शिक्षणसंस्थेने १९३७ नंतर विजेसाठी त्यावरच मातीचा भराव घातला आणि पुढे तो टप्प्याटप्प्याने उंच केला. वीजनिर्मिती १९५७ मध्ये बंद पडली, त्यानंतर सु. १६ हेक्टरांचा हा तलाव केवळ करमणुकीसाठी उरला. उत्पन्न देणाऱ्या धरणाची निगा राखली जाते. शोभेच्या तळ्याच्या बांधाकडे सहसा कोणी पाहत नाही. येथे भरावाचा बाहेरील उतार जवळजवळ ४५ अंशांचा, म्हणजे मातीला न पेलणारा होता. १९७३ मधील एका छायाचित्रात त्याचा काही भाग घसरलेला दिसतो.

नोव्हेंबर १९७७ च्या आरंभी चार दिवसांत सु. १८ सेंमी. पाऊस पडला, त्यापैकी निम्मा ५ तारखेच्या सायंकाळपासून मध्यरात्रीपर्यंतच्या सहा तासांत. रात्री सु. १·३० वाजता बांध कोसळून सु. ८ लक्ष घ. मी. पाणी ५७ मी. उंचीच्या टकोआ धबधब्यावरून खालच्या विद्यालयाच्या आवारात शिरले. ३९ व्यक्ती मृत्युमुखी पडल्या. त्यांत अनेक लहान मुले होती. चौकशी मंडळाला कोणतेही एकच कारण निश्चित करता आले नाही. झिरपत्या पाण्याबरोबर मातीचे कण वाहून जाऊन भरावात पोकळ नळ्या पडल्या असाव्यात, उतार घसरून माथ्याला खिंडार पडले असावे आणि भिजलेला भराव त्यातून वाहून गेला असावा, असा त्याचा निष्कर्ष होता.

आकाराने हे धरण क्षुल्लकच. परंतु धरणापासूनचा धोका त्याच्या उंचीइतकाच खालच्या वस्तीवरही अवलंबून असतो. धरणांच्या तपासणीचा संघीय कायदा १९७२ मध्येच झाला होता, तथापि तपासणीचे काम रखडले होते. या दुर्घटनेनंतर राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांच्या आदेशाने, संघशासनाच्या मालकीची नसलेली पण वस्तीला धोका पोचवू शकणारी सु. ८,८०० धरणे १९८१ पर्यंत तपासण्यात आली. त्यांपैकी सु. एकतृतीयांश असुरक्षित आढळली. जॉर्जिया राज्याने १९७८ मध्ये धरण-सुरक्षिततेचा स्वतंत्र कायदा केला. केली बार्न्स धरण पुन्हा बांधण्यात आले नाही.