शेजारणीच्या ठेक्यावर

रवांडाचा लोकप्रिय गायक सिमोन बिकिंडी याला डिसेंबर २००८मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या न्यायाधिकरणाने पंधरा वर्षांची शिक्षा ठोठावली. शिक्षा झाली ती जून १९९४मध्ये गाडीवरच्या भोंग्यातून तुत्सींना संपवण्याची चिथावणी दिल्याबद्दल. त्याची गाणी मात्र त्या दिवसांत ‘आरटीएलएम’ या विखार ओकणाऱ्या रेडिओवर सारखी वाजत होती. संगीत माणसं जोडतं, असं आपण सहज बोलून जातो. रवांडाबद्दल लिहिताना हे वाक्य जपून वापरावं लागतं. तिथे गाण्याने माणसं जोडली होतीच. शेजाऱ्याच्या दारावर चालून जाण्यासाठी.

म्हणून त्याच देशातल्या बुतारेच्या बायकांचं ढोलपथक मला मोलाचं वाटतं. बुतारे, म्हणजे आताचं हुये, हे दक्षिणेतलं विद्यापीठाचं गाव. हुतू आणि तुत्सी या दोन समाजांतल्या सोयरिकी तिथे पूर्वापार होत आलेल्या. ७ एप्रिल १९९४ला देशभर तुत्सींची कत्तल सुरू झाली, तरी हे गाव दोनेक आठवडे बऱ्यापैकी शांत राहिलं. जाँ-बाप्तिस्त हाब्यालिमाना हे देशातले एकमेव तुत्सी प्रिफेक्ट तिथे होते आणि त्यांनी तो प्रकार थोपवून धरला होता. त्यांना पदावरून काढलं, पुढे मारलंही. १९ एप्रिलला हंगामी राष्ट्राध्यक्ष बुतारेत येऊन बोलून गेले आणि आसऱ्याला आलेल्यांसकट गावावर काळ तुटून पडला.

साधारण शंभर दिवसांत देशात सुमारे आठ लाख माणसं मारली गेली. रवांडा सरकार हा आकडा दहा लाखांच्या वर सांगतं. मागे राहिलेल्यांत बायका फार. कुणी विधवा, कुणी पोरकी, तर कुणाचा नवरा खुनाच्या आरोपाखाली गजाआड. बाजार एक, पाणवठा एक, आणि समोरून येणाऱ्या बाईच्या घरातल्या कुणी काय केलं हे ठाऊक असलेलं. गावोगावी उघड्यावर भरणाऱ्या ‘गचाचा’ न्यायालयांनी २०१२पर्यंत वीस लाखांच्या आसपास खटले चालवले. त्यातून पुष्कळ सत्य बाहेर आलं, नातलगांची प्रेतं कुठे पुरली तेही कळलं. पण प्रत्येक बैठकीला खपली निघायची ती निघायचीच.

या वातावरणात २००४ साली ओडिल गाकिरे कातेसे या नाट्यकर्मी बाईंनी बायकांना ढोल वाजवायला बोलावलं. सगळे त्यांना किकी म्हणतात. निर्वासित रवांडी आईबापांच्या पोटी त्या काँगोत जन्मल्या, कत्तलीनंतर रवांडात आल्या आणि बुतारेच्या विद्यापीठाच्या कला केंद्रात काम करू लागल्या. पथकाचं नाव ‘इंगोमा न्श्या’, नवा ढोल. रवांडात ढोल हे राजसत्तेचं चिन्ह होतं आणि वाजवणारे फक्त पुरुष. बाईने त्याला हात लावायचा नाही, असा दंडक. पुण्याच्या मिरवणुकीत कमरेला ढोल बांधलेल्या पोरी पाहायची सवय असलेल्या आपल्याला यातलं धाडस चटकन कळायचं नाही. पथकात वाचलेल्याही आल्या आणि मारेकऱ्यांच्या घरच्याही. अट एकच: कोण हुतू, कोण तुत्सी हे फाटकाबाहेर ठेवून आत यायचं.

हे ढोल जमिनीवर उभे असतात. लाकडी खोड वर रुंद, खाली निमुळतं. तोंडावर गाईचं कातडं, वादीने करकचून ताणलेलं. वाजवायचं दोन काठ्यांनी, उभ्याने. सगळ्यांत लहान ढोल म्हणजे ‘इशाक्वे’. त्याचा चढा आवाज ठेका धरतो आणि मोठ्या, खर्जातल्या ढोलांना त्याच्या मागे जावं लागतं. मध्येच काठ्या डोक्यावर नेऊन एकमेकींवर टकटकवायच्या, गिरकी घ्यायची आणि नेमक्या मात्रेला पुन्हा कातड्यावर यायचं. आपला हात चुकला की तो आधी शेजारणीला कळतो. इशाक्वेवर कुणाची सून आहे, कुणाची विधवा आहे, याचा विचार करत बसलं तर सम हुकते.

मला यातली खरी गोम इथेच दिसते. सरकारपासून चर्चपर्यंत जो तो या बायकांना क्षमा करा म्हणत होता. तालमीत क्षमेचं नाव काढायची गरज नव्हती, आपली कहाणी सांगायची सक्ती नव्हती. वेळेवर यायचं आणि शेजारणीचं ऐकायचं, एवढंच.

ऑक्सफर्डच्या एलुनेड पिअर्स, जॅक लोने आणि रॉबिन डन्बार यांनी २०१५मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. गायन, हस्तकला आणि सर्जनशील लेखन अशा प्रौढांच्या वर्गांवर त्यांनी सात महिने नजर ठेवली. गाणाऱ्यांची एकमेकांशी जवळीक झटकन वाढली. पण सात महिन्यांअखेर बाकीचे वर्गही तितकेच जवळ आले होते. म्हणजे संगीताचा खास गुण कोणता, तर ते सुरुवातीचा अवघडलेपणा लवकर मोडतं. इंग्लंडच्या वर्गात हा फायदा किरकोळ वाटेल. बुतारेत तोच निर्णायक ठरत असावा. या बायकांना पहिल्याच दिवशी समोरासमोर बसवून लिहायला सांगितलं असतं, तर त्या लिहिणार काय होत्या?

अर्थात ढोलाने चूल पेटत नाही. म्हणून किकीबाईंनी आइस्क्रीमचं दुकान काढायचं ठरवलं! रवांडात बहुतेकांनी आइस्क्रीम चाखलेलंही नव्हतं, त्यामुळे कल्पना वेडगळ वाटावी अशीच. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातल्या ‘ब्लू मार्बल’ आइस्क्रीमच्या दोघी मालकिणी, जेनी डन्डास आणि अॅलेक्सिस मीसन, मदतीला आल्या. २०१०मध्ये बुतारेत ‘इंझोझी न्झिझा’, म्हणजे गोड स्वप्नं, हे दुकान उघडलं. दूध तिथलंच, चालवणाऱ्या पथकातल्याच बायका. लिसा आणि रॉब फ्रुक्टमन या बहीणभावाने २०१२च्या ‘स्वीट ड्रीम्स’ या माहितीपटात ही सगळी खटपट टिपली आहे.

आता एका दुकानात कितीजणींना काम मिळणार? मोजक्याच. ढोलावर सगळ्या सारख्या, गल्ल्यावर नाहीत. कोण घेतली, कोण राहिली, हा हिशेब सहकारी धंद्यात कुठेही होतो, तसा इथेही आलाच. फरक असेल तर एवढा, की हा हिशेब कामावरून होता, हुतू-तुत्सीवरून नव्हता.