पीळ आणि ताठरपणा : पोलादी दोराचे गणित

दोर वळणाऱ्यांच्या भाषेत तीन शब्द महत्त्वाचे आहेत : तंतू, पेड आणि पीळ. तंतू वळले की पेड होतो. पेड एकमेकांभोवती वळले की दोर होतो. पोलादी दोराची रचनाही हीच. तंतूच्या जागी तार येते आणि पेड बहुधा एका गाभ्याभोवती वळलेले असतात. 1834 मध्ये जर्मनीतील क्लाउस्थाल येथे विल्हेल्म आल्बर्ट यांनी खाणीसाठी असा दोर वळून घेतला. त्यात तीन पेड होते आणि प्रत्येक पेडात चार तारा. साखळीची एक कडी तुटली की सारा भार कोसळतो; दोरातली एक तार तुटली तर उरलेल्या तारा भार पेलतात.

मग पोलादी दोराचा ताठरपणा पोलादाइतकाच का धरू नये? याचे उत्तर पिळात आहे. सरळ सळई ओढली की फक्त धातू ताणला जातो. दोर ओढला की धातू ताणला जातोच, शिवाय तारांची वळणे थोडी सरळ होतात, पेड गाभ्यावर आवळले जातात आणि पीळ उलगडू पाहतो. तार दोराच्या अक्षाशी 15 अंशांचा कोन करत असेल, तर केवळ तेवढ्याने ताठरपणा सुमारे दहा टक्के घटतो. पेडाचा पीळ आणि मऊ गाभा यांमुळे तो आणखी उतरतो. एकूण घट निम्म्यापर्यंत जाऊ शकते.

हैदराबादच्या उंच इमारतींतल्या लिफ्टचे उदाहरण घेऊ. समजा, 60 मीटर लांबीचे चार दोर आहेत आणि प्रत्येकात 40 चौरस मिलिमीटर धातू आहे. आठ माणसे, म्हणजे 544 किलो, आत शिरली. सळईचे गणित सांगते, लिफ्ट 10 मिलिमीटर खाली बसेल. दोराचा ताठरपणा निम्मा असेल तर ती 20 मिलिमीटर बसेल, आणि दारातली ही पायरी ठेच लागण्याइतकी होते.

वाकवताना फरक याहून मोठा असतो. सहा पेड आणि प्रत्येकात 19 तारा, अशा दोरात 114 तारा असतात. त्या सारख्या जाडीच्या असून एकमेकींवरून मोकळ्या घसरल्या, तर तेवढ्याच धातूच्या सळईच्या 114 पट सहज दोर वाकेल. म्हणूनच तो कप्पीवरून जाऊ शकतो. पण ताणलेल्या दोरात तारा एकमेकींवर दाबल्या जातात आणि घर्षण त्यांना धरून ठेवते. थोडे वाकवले तर दोर सळईसारखा वागतो. अधिक वाकवले की तारा एकेक करून घसरू लागतात आणि ताठरपणा कोसळतो. ताण जितका जास्त, तितके घसरणे उशिरा सुरू होते. म्हणून दोराच्या गणिती प्रतिकृतीत ताठरपणासाठी एकच आकडा पुरत नाही. ताण आणि पीळ यांचा संबंध, तसेच घर्षण, दोन्ही मांडावे लागतात. जॉर्ज कॉस्टेलो यांनी प्रत्येक तार ही वळलेली बारीक कांब मानून दोराचे गणित मांडले.

दुर्गम चेरुवू तलावावरचा, 2020 मध्ये खुला झालेला पूल 56 तणाव्यांवर तोललेला आहे. पुलाच्या तणाव्याला कप्पीवरून जायचे नसते. म्हणून अशा तणाव्यांत सात-सात तारांचे पेड एकमेकांभोवती न वळता समांतर ठेवतात. त्यांचा ताठरपणा पोलादाच्या जवळपास राहतो. लवचीकपणा हवा तिथे पीळ वाढवावा लागतो, ताठरपणा हवा तिथे तो सोडावा लागतो.

या गणितावर माणसांचे प्राण अवलंबून असतात. घसरणाऱ्या तारा एकमेकींना घासतात, आतल्या आत झिजतात आणि बाहेरून दोर धडधाकट दिसत असतानाच तुटू लागतात. म्हणून दोराला वंगण देतात, वेळोवेळी तपासतात आणि तुटलेल्या तारा ठरावीक संख्येपलीकडे गेल्या की तो बदलतात. ही झीज आत कुठे आणि किती वेगाने होईल याचा अंदाज घर्षण धरून केलेले गणितच देऊ शकते.