रिकाम्या पोर्टमधले 56

1984 च्या नोव्हेंबरात केंद्राचं संगणक धोरण सैल झालं. त्याच सुमारास ‘क्लास’ या शालेय संगणक-शिक्षण प्रकल्पातून देशातल्या निवडक शाळांत बीबीसी मायक्रो संगणक आले. त्यांच्या पाठीला चार वाहिन्यांचा ॲनालॉग पोर्ट होता. उजेड असो वा उष्णता, नीट सेन्सर जोडला की बेसिकमध्ये आकडा हजर. भिलाईत, म्हणजे तेव्हाच्या मध्य प्रदेशात, आमच्या सेक्टरमधल्या क्वार्टरात आला तो मात्र पाहुण्यांनी आणलेला 48के स्पेक्ट्रम हा घरगुती संगणक. टेपसाठी ईअर-माइक आणि मागे उघडा एज कनेक्टर. जॉयस्टिक लावायला जागाच नाही. पुढे हैदराबादच्या डेसिबेल्सने ‘डीबी स्पेक्ट्रम’ इथेच बनवला, पण तोवर आमचे उद्योग सुरू झाले होते.

आधी कीबोर्डच वाचून पाहिला. बेसिकच्या ‘इन 65022’ या पोर्ट वाचणाऱ्या आज्ञेला 191 यायचे. ‘ए’ दाबली की 190, ‘जी’ दाबली की 175, दोन्ही एकदम दाबल्या की 174. ईअरला टेप लावली की मधूनच 64 ची भर पडून 255.

खरी गंमत पोर्ट 31 ची. तो केम्पस्टन जॉयस्टिकचा, आणि जॉयस्टिक तर नाहीच. तरी वाचला की बहुतेकदा 255, मध्येच शून्य, मध्येच 56! शेजारचे काका प्लांटमध्ये इन्स्ट्रुमेंटेशनला होते. ते म्हणाले, “अरे, इनपुट फ्लोटिंग आहे, त्यावर भरवसा ठेवू नकोस.” सल्ला कारखान्यासाठी शंभर टक्के बरोबर. पण ‘पेपर 4’ ही पार्श्वभूमीच्या रंगाची आज्ञा देऊन पडदा पुसला, तर 56 जाऊन 32 दिसू लागले. कचरा असा रंगाप्रमाणे बदलत नसतो.

पडदा रंगवायला यूएलए चिप मेमरीतून सतत बाइट उचलते. रिकाम्या पोर्टवर उत्तर द्यायला कोणी नसलं, की त्या क्षणी बसवर असलेला तिचाच बाइट प्रोसेसरच्या हाती लागतो. पांढऱ्या कागदाचा क्रमांक 7, त्याला आठने गुणा: 56. हिरवा 4, म्हणून 32. शून्य म्हणजे कोरे पिक्सेल. विकत घेतलेल्या जॉयस्टिकने हे कधीच दाखवलं नसतं.

खेळ लिहिणाऱ्यांनी तर याचा धंद्यात वापर केला. ‘कोब्रा’ आणि ‘आर्कनॉईड’ हे खेळ असाच रिकामा पोर्ट वाचून पडद्याशी वेळ जुळवत. ॲमस्ट्राडच्या स्पेक्ट्रम प्लस थ्रीमध्ये बसवर तो बाइट तसा मिळेना, आणि मूळ ‘आर्कनॉईड’ तिथे अडकून पडला.