एक कॉम्प्युटर, दोन हार्ड डिस्क

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चे नियमित मोफत सुरक्षा-अपडेट थांबवले. बडोदा जिल्ह्यातल्या सावलीसारख्या तालुक्याच्या गावात ही तारीख साधी नाही, कारण इथे कॉम्प्युटर चालतोय तोवर वापरायचा ही रीत आहे. मंजुसर जीआयडीसीतली छोटी वर्कशॉपं, मामलतदार कचेरीजवळचे टायपिंगवाले, हिशेब लिहिणारे यांच्याकडची जुनी यंत्रं अजून ठणठणीत असतात. विंडोज ११ ला मात्र टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीचा, म्हणजे २०१७ च्या अखेरीस आलेला किंवा त्यानंतरचा. धडधाकट यंत्र एवढ्यासाठी भंगारात घालणं मला मुळीच पटत नाही.

मग विंडोज काढून सरळ लिनक्स ही दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम टाकावी का? सगळ्यांना ते जमणारं नाही. हिशेबाचं टॅली विंडोजवर चालतं. जुन्या मशीनचं सॉफ्टवेअर विंडोजच मागतं. टायपिंगवाल्याचे गुजराती अर्ज एलएमजी अरुण फॉन्टमध्ये असतात, आणि बडोद्याकडच्या मराठी घरांच्या लग्नपत्रिका श्री-लिपीत. असा फॉन्ट नसलेल्या कॉम्प्युटरवर ती फाइल उघडली, की ‘चि. सौ. कां.’च्या जागी रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा चिवडा दिसतो. म्हणून विंडोज राहू द्यावं, पण त्याचं इंटरनेट तोडावं. बँक, ईमेल, सरकारी पोर्टल ही कामं लिनक्सवर न्यावीत. आणि दोघांना वेगवेगळ्या डिस्कवर ठेवावं. माझा आग्रह आहे तो या शेवटच्या गोष्टीचा.

एकाच डिस्कचे भाग पाडून दोन सिस्टिम बसवता येतात, पुष्कळ जण तसंच करतात. पण मग चालू विंडोजचा भाग आकसून जागा काढावी लागते, आणि दोघांचे बूटलोडर (सिस्टिम सुरू करून देणारे छोटे प्रोग्राम) ईएफआय नावाच्या एकाच छोट्या भागात राहतात. तिथे एकाने ढवळाढवळ केली की दुसऱ्याची वाट अडते. डिस्क बिघडली तर दोन्ही सिस्टिम एकदमच जातात. दुसरी डिस्क घेतली की या कटकटी उरत नाहीत. डेस्कटॉपमध्ये डिस्क जोडायची साटाची एखादी जागा आणि पॉवर सप्लायची एखादी पिन बहुधा रिकामी असतेच. लहानशी एसएसडी लिनक्सला पुरते.

बसवताना मात्र घाई नको. आधी कामाच्या फायली बाहेरच्या डिस्कवर उतरवाव्यात. डिस्क कुलूपबंद करणारं विंडोजचं बिटलॉकर चालू असेल तर त्याची रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवावी. बूटची व्यवस्था बदलली की विंडोज ती अचानक मागू शकतं. ‘फास्ट स्टार्टअप’ बंद करावं, कारण त्यात विंडोज पुरतं बंद होतच नाही, अर्धवट झोपतं, आणि लिनक्सला त्या डिस्कवर लिहिता येत नाही. मग कॉम्प्युटर बंद करून, वायर भिंतीतून काढून, विंडोजच्या डिस्कची साटा केबल चक्क उपसून ठेवावी आणि नवी एसएसडी जोडावी.

हे पाऊल कुणी गाळू नये. उबुंटू या लिनक्सच्या जुन्या इन्स्टॉलरमध्ये एक प्रसिद्ध खोड होती: बूटलोडर दुसऱ्या डिस्कवर टाक म्हटलं तरी तो पहिल्या डिस्कच्या ईएफआय भागात जाऊन बसायचा. वरवर सगळं नीट दिसायचं. पुढे पहिली डिस्क काढली की लिनक्स उठायचं नाही. पहिली डिस्क जोडलेलीच नसेल तर हा घोळ होऊच शकत नाही, आणि ‘इरेज डिस्क’चं बटणही बिनधास्त दाबता येतं. लिनक्स मिंट किंवा उबुंटू पेनड्राइव्हवरून चढवावं, ते स्वतःच्या बळावर सुरू होतंय याची खात्री करावी, मग केबल परत जोडावी. कॉम्प्युटर सुरू होताना एफ-१२ दाबलं (काही कंपन्यांच्या बोर्डांवर एफ-८, एफ-९ किंवा एफ-११) की कोणत्या डिस्कवरून उठायचं ते विचारलं जातं.

दोन डिस्क घेतल्या तरी मदरबोर्ड एकच असतो, हे ध्यानात ठेवावं. ऑगस्ट २०२४ मध्ये विंडोजचा एक सुरक्षा-अपडेट आला आणि जगभर अनेकांचं लिनक्स ‘सिक्युरिटी पॉलिसी व्हायोलेशन’ म्हणत अडून बसलं. जुन्या, असुरक्षित बूटलोडरना मनाई करणारी नोंद त्या अपडेटने मदरबोर्डच्या स्मृतीतच केली होती, त्यामुळे वेगळी डिस्क असूनही सुटका नव्हती. बूटलोडरची तपासणी करणारं सिक्युअर बूट तात्पुरतं बंद करून, लिनक्समध्ये शिरून ती नोंद काढणं आणि बूटलोडर अद्ययावत करणं, हा त्यावरचा उपाय. म्हणून लिनक्सचे अपडेटही वेळच्या वेळी घ्यावेत.

घड्याळाचाही असाच घोळ. विंडोज मदरबोर्डच्या घड्याळात भारतीय वेळ आहे असं धरून चालतं. लिनक्स त्यात जागतिक वेळ लिहितं. लिनक्स वापरून विंडोजमध्ये आलं की सकाळी ११ वाजता घड्याळात ५:३० दिसतात. रात्रपाळीच्या वर्कशॉपात पहाटे दोनची नोंद आदल्या तारखेला पडते. एरवी विंडोज इंटरनेटवरून वेळ सुधारून घेतं, पण आपण तर त्याचं नेट तोडलेलं. तेव्हा लिनक्सलाच स्थानिक वेळ ठेवायला सांगावं. टर्मिनलमध्ये टाइमडेटसीटीएलचा एक आदेश पुरतो.

मराठीची काळजी नको. इनस्क्रिप्ट कीबोर्ड दोन्हीकडे मिळतो, मांडणी तीच. त्यामुळे बोटांची सवय मोडत नाही. नवा मजकूर युनिकोडमध्येच लिहावा, तो दोन्हीकडे सारखा उघडतो. श्री-लिपीतल्या जुन्या पत्रिका आणि एलएमजी अरुणमधले अर्ज लागतील तसे रूपांतर करून घ्यावेत. अशा जुन्या फॉन्टांत अक्षरं दिसण्याच्या क्रमाने साठवलेली असतात: पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी, रफार नंतर. युनिकोडमध्ये नेमकं उलटं. रूपांतर करणाऱ्या सॉफ्टवेअरला हा क्रम फिरवावा लागतो आणि ते तिथेच चुकू शकतं, म्हणून छापायला देण्याआधी ‘चिरंजीव’मधली वेलांटी आणि ‘आशीर्वाद’मधला रफार तेवढा डोळ्यांखालून घालावा.