अमिगा संगणकाच्या डिस्कवरील फाइल-व्यवस्थेची निवड

जुना संगणक जतन करणे म्हणजे केवळ त्याचे यंत्र चालू ठेवणे नव्हे. त्याच्या डिस्कवरील मजकूर शाबूत राहील अशी तजवीज करणेही त्यात येते. कमोडोर कंपनीच्या १९८५ सालच्या अमिगा संगणकाच्या बाबतीत ही तजवीज बव्हंशी फाइल-व्यवस्थेवर अवलंबून असते. कोणती फाइल डिस्कच्या कोणत्या भागांत आहे व कोणते भाग मोकळे आहेत, याची नोंद ठेवण्याची पद्धती म्हणजे फाइल-व्यवस्था होय.

मूळ व्यवस्थेत ५१२ बाइटांच्या ब्लॉकपैकी २४ बाइट नोंदीकडे जात व मजकुरास ४८८ उरत. ब्लॉक कोणत्या फाइलीचा, कितवा व त्यापुढील कोणता, हे त्या नोंदीत असे. त्यामुळे वाचन मंदावे. परंतु डिस्क बिघडल्यास विखुरलेले तुकडे जुळविणे सुकर होई. १९८८ च्या ‘फास्ट फाइल सिस्टिम’ने या नोंदी गाळल्या. वेग व जागा दोन्ही वाढली. तुकडे जुळविण्याची सोय मात्र कमी झाली.

या नव्या व्यवस्थेत आणखी दोन उणिवा होत्या. अमिगा बंद करण्यापूर्वी द्यावयाची आज्ञाच नाही; सरळ वीज तोडावयाची. लेखन चालू असता वीज गेली, तर पुढील वेळी सबंध विभाग तपासला जातो व तोवर त्यावर काही लिहिता येत नाही. दुसरी उणीव अधिक घातक. १९९३ च्या ३.१ आवृत्तीपर्यंत डिस्कवरील स्थान ३२ बिटांच्या संख्येने मोजले जाई. ४ गिगाबाइटांपलीकडे लिहू गेल्यास गणती पुन्हा शून्यापासून सुरू होते आणि आरंभीचा मजकूर नष्ट होतो. जुन्या डिस्कच्या जागी मोठी कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्डे बसविली जात असल्याने हा धोका काल्पनिक नाही. पुढील आवृत्त्यांत ही मर्यादा दूर झाली.

‘पीएफएस ३’ ही व्यवस्था बदललेली नोंद जुनीवर न लिहिता मोकळ्या जागेत लिहिते व अखेरीस मुख्य ब्लॉक बदलून ती ग्राह्य करते. मध्येच वीज गेल्यास जुनी नोंद अभंग राहते. ही व्यवस्था रॉममध्ये नसल्याने डिस्कच्या आरंभीच्या राखीव भागात ठेवावी लागते.

तात्पर्य, नित्य वापराच्या मोठ्या डिस्कसाठी ‘पीएफएस ३’ श्रेयस्कर, ३.१ पर्यंतची मूळ प्रणाली तशीच राखावयाची असल्यास ‘फास्ट’ व्यवस्थेचे विभाग पहिल्या ४ गिगाबाइटांत ठेवावेत. जुन्या फ्लॉपींची व्यवस्था मात्र बदलू नये. त्यांची ब्लॉकवार नक्कल करावी. कारण त्या ठिकाणी नोंदीची पद्धतीही जतन करावयाच्या वस्तूचाच भाग असते.