धूळपाटी आणि चावडी

सायखेड्यात गोदाकाठी राहणाऱ्याला पूर ओळखायला शिकवावं लागत नाही. गंगापूर धरणातून पाणी सोडलं की नाशिकच्या पाहुण्यांना फोन करायचा, होळकर पुलाखाली किती आलंय विचारायचं आणि दुकानातला माल वर उचलायला लागायचं. हे सगळं तोंडी. २०१९च्या ऑगस्टमधल्या पुरावर मी मराठी विकिपीडियावर दोन वाक्यं लिहिली, तर दुसऱ्या दिवशी त्यांच्यापुढे 'संदर्भ हवा' अशी खूण! वाईट वाटलं. डोळ्यांनी पाहिलेल्या पुराला संदर्भ कसला?

त्या निमित्ताने विकिपीडियाच्या घरात खोलवर शिरलो. मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी, महाराष्ट्रदिनीच सुरू झाला. तो चालतो मीडियाविकी या मुक्त सॉफ्टवेअरवर. तीनशेहून जास्त भाषांतले विकिपीडिया त्यावरच उभे आहेत. पण ते वापरायचं कसं, हे मराठी माणसाला मराठीत सांगायचं काम इथल्या सदस्यांनी केलं, तेही विनामोबदला. त्यांची मोठी कमाई मला वाटते ती नावांची. सरावाच्या पानाला त्यांनी 'धूळपाटी' म्हटलं. पूर्वी पाटीवर धूळ पसरून पोरं बोटाने अक्षरं गिरवत. चुकलं की हात फिरवला, पाटी कोरी. इथंही तसंच. दोन चौकटी कंसांत शब्द घातला की दुवा होतो, दोन महिरपी कंसांत घातला की साचा. बिघडलं तर बिघडलं.

आणि सगळ्यांनी मिळून बोलायचं पान म्हणजे 'चावडी'. गावात चावडीवाचनाला सातबारा मोठ्याने वाचतात तो याचसाठी, की ज्याची नोंद चुकली त्याने तिथंच बोलावं. विकिपीडियाच्या चावडीवर कुणीही विचारतो, जाणता उत्तर देतो, सही करतो.

पण चावडीवरचं बोलणं मागे पडतं. वर्षाने नवा माणूस तोच प्रश्न घेऊन येतो. म्हणून कुणीतरी ते उत्तर उचलून 'साहाय्य' पानावर न्यावं लागतं, नीट मांडून त्याला योग्य तो वर्ग लावावा लागतो. किचकट काम, करणारे मोजके, आणि त्यांचं नाव दिसतं फक्त पानाच्या इतिहासात. लेख लिहिणाऱ्यांपेक्षा मी त्यांना तसूभरही कमी मानत नाही.

वर्तमानपत्राच्या जुन्या कात्रणाचा संदर्भ कसा द्यायचा, हे मला चावडीवर एकाने चार ओळींत सांगितलं. घरातल्या रद्दीतून पुराची बातमी शोधली, संदर्भ लावला, खूण गेली. मग त्या चार ओळी मी साहाय्याच्या पानावर नेऊन ठेवल्या.