वखारीतील साठा आणि त्याची कागदपत्रे

धान्याचे पीक वर्षातून एकदा किंवा दोनदा हाती येते. भूक मात्र रोज लागते. सुगी आणि भूक यांमधील हे अंतर भरून काढणे, हे वखारीचे कार्य होय. भारतात १९५६ च्या कायद्याने या कार्यास संघटित रूप दिले आणि १९५७ मध्ये केंद्रीय वखार महामंडळ स्थापन झाले. परंतु चार भिंती व छप्पर उभारले म्हणजे वखार सिद्ध होत नाही. आत कोणता माल आहे, किती आहे, कोणाचा आहे आणि केव्हा आला, या प्रश्नांची उत्तरे कोणत्याही क्षणी देता आली पाहिजेत. ती कागदपत्रांतून मिळतात.

समजा, मध्य प्रदेशातील एका शेतकऱ्याने एप्रिल महिन्यात गव्हाची २०० पोती वखारीत आणली. बारदानाचे वजन वजा करता प्रत्येक पोत्यात ५० किलोग्रॅम, म्हणजे एकूण १०० क्विंटल गहू भरला. नमुना काढून गव्हाची प्रत व ओलावा तपासला जातो आणि या सर्वांची आवक-नोंद होते. मग पोत्यांची थप्पी रचतात व तिच्यावर थप्पी-पत्रक लावतात. त्यावर आवकेची तारीख, आवक, जावक, शिल्लक, तसेच कीडनाशक धुरी दिल्याची तारीख लिहिलेली असते. हीच शिल्लक कार्यालयातील साठा-नोंदवहीतही चढवितात. एकच गोष्ट दोन ठिकाणी लिहिण्यात श्रम वाया जात नाहीत. एका ठिकाणी चूक झाली, तर दोन्ही नोंदी ताडून पाहताच ती उघडकीस येते.

शेतकऱ्याच्या हाती पडते ती वखार पावती. सुगीत बाजारात आवक वाढते आणि भाव उतरतो. तरी कर्ज फेडण्यासाठी पुष्कळांना तेव्हाच माल विकावा लागतो. ही पावती बँकेत तारण ठेवून कर्ज मिळते आणि चांगला भाव येईपर्यंत थांबता येते. २००७ च्या कायद्याने नोंदणीकृत वखारींच्या पावत्यांना हस्तांतरणीय दस्तऐवजाचा दर्जा मिळण्याची सोय केली. २०१७ पासून अशा पावत्या इलेक्ट्रॉनिक स्वरूपातही मिळू लागल्या. पावती एकाकडून दुसऱ्याकडे गेली की मालाची मालकीही तिच्यासवे जाते. म्हणूनच माल नसताना दिलेली पावती ही खोट्या नाण्यासारखी असते.

माल बाहेर काढताना प्रथम पावती व तिच्यावरील बँकेचा बोजा तपासतात. नंतर माल सोडण्याचा आदेश निघतो, जावक-नोंद होते आणि गेटपास मिळाल्यावरच वाहन फाटकाबाहेर पडते. मोठ्या सरकारी साठ्यांत आधी आलेला माल आधी पाठवावा, असा सर्वसाधारण नियम आहे. अन्यथा जुने धान्य मागे राहून त्यास कीड लागते. थप्पी-पत्रकावरील तारखेचे महत्त्व येथे कळते.

ठरावीक काळाने प्रत्यक्ष मोजदाद करून ती नोंदवहीशी ताडतात. येथे एक सूक्ष्म अडचण उद्‍भवते. धान्य सभोवतालच्या हवेतील ओलावा शोषून घेते. आपल्या शेतकऱ्याच्या गव्हात एप्रिलमध्ये शेकडा १० भाग ओलावा होता, असे मानू. म्हणजे १०० क्विंटलांत ९० क्विंटल कोरडे द्रव्य होते. पावसाळ्यात ओलावा शेकडा १२ झाला, तर तेच ९० क्विंटल आता एकूण वजनाच्या शेकडा ८८ भाग ठरतात आणि गव्हाचे वजन सुमारे १०२.२७ क्विंटल भरते. धान्याचा एक दाणाही न वाढता वजन वाढले! अशा वेळी कोणी प्रत्येक पोत्यातून एकेक किलोग्रॅम गहू काढून घेतला, तरी पोती २०० च राहतील आणि काट्यावर १०० क्विंटलांहून किंचित अधिकच वजन दिसेल. संख्याही बरोबर, वजनही बरोबर. तरीही दोन क्विंटल गहू नाहीसा झालेला असेल.

उलटपक्षी, ओला माल वखारीत सुकला तर वजन आपोआप घटते आणि प्रामाणिक वखारपालावर नाहक संशय येतो. दोन्ही प्रसंगी सत्य सांगणारी नोंद एकच: माल आला त्या दिवशीचा आणि मोजदादीच्या दिवशीचा ओलावा. यावरून साठ्याच्या हिशेबाचे मूलतत्त्व ध्यानात येते. संख्या, वजन, ओलावा व तारीख या चारही नोंदी एकत्र वाचल्या, तरच कागदावरील शिल्लक आणि थप्पीतील धान्य यांचा मेळ घालता येतो. शेतकऱ्याच्या हातातील पावतीचे मोल या मेळावरच अवलंबून असते.